तू मारुती पाहिलास का?

दिवाळी नुकतीच संपली होती. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी दिंडोरी रस्त्यावरच्या माती, पाणी आणि देठ तपासणीच्या एका लहानशा लॅबमध्ये मी प्रिंटरचे काम करत बसले होते. समोरच्या लाकडी बाकावर एक वयस्कर बागाईतदार येऊन टेकले. चपलांना काळी माती चिकटलेली, स्वेटरवर उपरणे, मांडीवर घडी घातलेली कापडी पिशवी. ओव्हनमध्ये वाळत ठेवलेल्या द्राक्षदेठांचा वास लॅबभर पसरला होता. भिजलेले गवत उन्हात तापले की येतो तसा, थोडा गोडसर आणि थोडा घशात बसणारा. “ताई, आमच्या देठाचा रिपोर्ट आला का?” त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारले. तिने मान वळवून स्क्रीनकडे पाहिले. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘नवीन फाइल: ०’ असे लिहिलेले होते. “नाही नाना, अजून नाही आला,” ती म्हणाली. नाना “बरं” म्हणाले, समोर आलेला चहा त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला आणि ते निघून गेले. त्यांचे गाव तिथून पंचवीस-तीस किलोमीटर लांब होते आणि आदल्या दिवशीही ते येऊन गेले होते, हे मला नंतर कळले. त्यांच्या रिपोर्टची फाइल त्या वेळी दोन दिवसांपासून आतल्या खोलीत, मशीनला जोडलेल्या संगणकावर, काउंटरपासून पंधरा पावलांवर पडून होती.

स्क्रीनवरचे ते शून्य माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे मी लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमने, लिहिले होते.

ऑक्टोबर छाटणी झाली की साधारण चाळीस दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते. तेव्हा घडासमोरच्या पानांचे देठ काढून तपासायला पाठवतात, आणि वेलीने काय घेतले आहे व तिला काय कमी पडते आहे हे पाहून पुढच्या खताचा हप्ता ठरवतात. फुलोरा कुणासाठी थांबत नाही. नानांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग गेल्या वर्षीच्या अंदाजाने ठिबकमधून ०-०-५० हे पालाशाचे खत सोडून दिले. रिपोर्ट हाती आला तेव्हा त्यात पालाश भरपूर होता आणि मॅग्नेशियम कमी होते. पालाश जास्त झाला की मुळे मॅग्नेशियम कमी उचलतात, हे द्राक्ष लावणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडत जातो. म्हणजे जिथे आधीच जास्त होते तिथेच त्यांनी आणखी ओतले होते. फोनवर हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “आता फवारणीतून मॅग्नेशियम देऊ, दुसरं काय,” एवढेच ते म्हणाले. ते रागावले असते तर मला माफी मागता आली असती. त्या शांत आवाजाला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, आणि पुढचे कित्येक दिवस त्या मुलीच्या तोंडचे ‘नाही’ माझ्या कानातून गेले नाही. ती खोटे बोलली नव्हती. मी तिच्या हातात खोटे ठेवले होते.

काम दिसायला फार साधे होते. आतल्या खोलीत देठांची भुकटी आम्लात विरघळवून मशीनवर लावतात, निकाल तिथल्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये फाइल म्हणून साठतो, आणि तो फोल्डर नेटवर्कवरून बाहेरच्या संगणकाला दिसतो. पूर्वी काउंटरवरची मुलगी दर तासाला तो फोल्डर उघडून पाहायची, नवे काही दिसले की रजिस्टरमधल्या नमुना क्रमांकाशी ताडायची, रिपोर्ट तयार करायची आणि शेतकऱ्याला संदेश पाठवायची. हंगामात तिला जेवायला वेळ मिळत नसे. हे सगळे स्क्रिप्टने करावे, असे लॅबच्या सरांनी मला सांगितले तेव्हा मी दोन दिवसांत करून देते म्हटले होते. हातावर मावेल एवढा एक लिनक्स संगणक आणला, त्यावर तो फोल्डर जोडून घेतला आणि पायथॉन या संगणकभाषेत स्क्रिप्ट लिहायला बसले.

एखाद्या जागेवर लक्ष ठेवायच्या दोन रीती आहेत. एक, तिथे कुणाला तरी सांगून ठेवायचे की नवे कुणी आले की मला निरोप पाठव. दुसरी, आपणच ठरावीक वेळाने फेरी मारून पाहून यायचे. लिनक्समध्ये निरोपाची सोय आयनोटिफाय या नावाने २००५ सालापासून, २.६.१३ या आवृत्तीपासून आहे, आणि ती इतकी सुबक आहे की फेरी मारण्याची रीत तिच्यापुढे अडाणी वाटते. साहजिकच मी निरोपाची रीत निवडली. घरी टेबलावर बसून फोल्डरमध्ये एकेक फाइल टाकून पाहिली. टाकल्याबरोबर स्क्रीनवर ओळ उमटत होती. स्क्रिप्ट लॅबमध्ये नेऊन बसवली आणि दिवसभर एकही निरोप आला नाही. चूक दाखवणारी ओळ नाही, काही नाही. स्क्रिप्ट आपल्या ठिकाणी जागी होती आणि समोर फाइली येत होत्या. कारण समजायला मला रात्र गेली. आयनोटिफायला फक्त स्वतःच्या संगणकावरून झालेले बदल कळतात. नेटवर्कवर पलीकडच्या संगणकाने फाइल ठेवली तर त्याची खबर अलीकडच्या संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतच नाही. घरी मीच फाइल टाकणारी होते आणि मीच पाहणारी, म्हणून सगळे चालत होते. हे मार्गदर्शक पानावर स्पष्ट लिहिलेले आहे, आणि अशा वेळी फेरीच मारा, असेही तिथेच लिहिले आहे. मी ते पान वाचले होते. त्या ओळीपर्यंत पोहोचले नव्हते.

विंडोजवर ही सोय नेटवर्कच्या फोल्डरसाठीही चालते, म्हणून एक दिवस तिकडे वळून पाहिले. तिथे निरोप साठवायला एक लहान पेटी असते, मुळात आठ किलोबाइटची, आणि नेटवर्कवर ती ६४ किलोबाइटच्या पलीकडे वाढवता येत नाही. एकदम पुष्कळ फाइली आल्या की पेटी भरून वाहते, आणि मग निरोप गहाळ झाले एवढे कळते, पण कोणते गहाळ झाले ते कळत नाही. मशीनवर एका वेळी चाळीस नमुन्यांची तुकडी लागते आणि सगळे निकाल एकाच दमात उतरवले जातात, तेव्हा या पेटीच्या भरवशावर राहण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून फेरी. दर तीस सेकंदांनी फोल्डरमधल्या नावांची यादी करायची, मागच्या यादीशी ताडायची, जास्तीचे नाव दिसले तर ते नवे. त्यात पुन्हा शिकायचे होतेच. नाव दिसले म्हणजे फाइल पूर्ण आली असे नसते. मशीन अजून लिहीत असते आणि आपण अर्धीच उचलतो. पहिल्या आठवड्यात एक रिपोर्ट पालाशापर्यंतच येऊन थांबला होता. मग दोन फेऱ्यांत आकार बदलला नाही तरच उचलायची असे ठरवले, आणि तेवढ्यावरही न विसंबता फाइलीची शेवटची ओळ आली आहे का हे पाहायला लावले. फाइलवरच्या तारखेवर विश्वास ठेवू नये हेही कळले, कारण दुसरीकडून आणून ठेवलेली फाइल बदलाची आपली जुनीच तारीख घेऊन येते आणि आजची असूनही कालची वाटते. सिन्नर तालुक्यातल्या मऱ्हळ गावाने तर मला दोन संध्याकाळ बसवून ठेवले. आतली व्यक्ती गावाचे नाव ‘ऱ’ हे अक्षर वापरून टंकत होती आणि बाहेरची ‘र’चा पाय मोडून पुढे जोडाक्षराची अदृश्य खूण घालत होती. डोळ्यांना दोन्हीकडे तोच अर्धा र दिसत होता, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावे होती, आणि युनिकोडच्या नेहमीच्या एकरूप करण्याच्या नियमांनीही ती एक होत नाहीत. मला आपल्या भाषेतल्या त्या अर्ध्या र साठी वेगळा नियम लिहावा लागला. तो लिहून झाल्यावर मला झालेला आनंद अजून आठवतो.

एवढे सगळे करून स्क्रिप्ट चार महिने बिनचूक चालली. मग दिवाळीच्या सुटीत एका रात्री वीज गेली.

वीज परत आल्यावर माझा लहान संगणक आपोआप सुरू झाला. मशीनचा संगणक बंदच राहिला. तो सुटी संपल्यावर माणसाने येऊन सुरू करायचा होता. माझ्या संगणकाने फोल्डर जोडायचा प्रयत्न केला, पलीकडे कुणी नव्हते, त्याने तो नाद सोडला आणि स्क्रिप्ट सुरू केली. आता यातली मेख अशी आहे की, नेटवर्कचा फोल्डर ज्या जागी येऊन जोडला जातो, त्या जागी अलीकडच्या संगणकाचा स्वतःचा एक रिकामा फोल्डर असतोच. जोडणी झाली की तो झाकला जातो. जोडणी झाली नाही की तो उघडा पडतो, तेच नाव आणि तोच पत्ता घेऊन. माझी स्क्रिप्ट दर तीस सेकंदांनी त्या पत्त्यावर जात होती, दार उघडत होते, आत काही नव्हते, आणि ती परत येऊन शून्य लिहीत होती. तिला कुठे अडले नाही, म्हणून तिने कुठे आरडाओरड केली नाही. सुटीनंतर मशीन सुरू झाले, निकाल साठू लागले, पण माझी स्क्रिप्ट तिसऱ्याच रिकाम्या खोलीची पहारेकरी झाली होती. सुटीनंतरचे कमी कामाचे दिवस असल्याने शून्याचे कुणाला नवलही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी मी हाताने जोडणी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. मागची यादी रिकामी, आताची भरलेली. त्यामुळे सप्टेंबरपासूनच्या सगळ्या फाइली तिला नव्या वाटल्या आणि मी धावत जाऊन ती बंद करेपर्यंत कितीतरी शेतकऱ्यांना जुने रिपोर्ट पुन्हा गेले.

त्या रात्री घरी येऊन मी स्क्रिप्टची ती एकच ओळ कितीतरी वेळ पाहत राहिले. यादी मागितली, यादी आली, यादीत काही नव्हते. या ओळीत खोटे कुठेच नव्हते. आणि पाहता पाहता मला एकदम आजीचा आवाज ऐकू आला.

माझे लहानपण पंचवटीत गेले. आजोबांचे रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर पूजासाहित्याचे दुकान होते. समया, वाती, जानवी, अष्टगंध आणि खालच्या फळीवर कुंकवाच्या गोण्या. श्रावण-भाद्रपदात गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाटावरची सगळी दुकाने एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसत. किती क्युसेक सोडले हे रेडिओवर सांगत, पण त्या आकड्यावर कुणी गोणी हलवत नसे. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, त्याच्या अंगावर पाणी कुठवर चढले आहे, यावर सगळे ठरे. गुडघ्याला आले तर नेहमीचेच. कमरेला आले की खालच्या फळ्या मोकळ्या करायच्या. छातीला लागले की दुकान रिकामे करायचे, आणि नदीकाठच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी चढल्याची गोष्ट म्हातारी माणसे तेव्हाच काढत. मोठा पूर आलेल्या २००८ आणि २०१६ साली, वेधशाळा आणि मोबाइल हाताशी असतानाही, नाशिककरांनी एकमेकांना पहिला प्रश्न मारुतीचाच विचारला होता. एक मूर्ती जागची हलत नाही, म्हणून तिच्यामुळे नदी मोजता येते.

मी चौथीत होते. आजी म्हणाली, “जा, पाणी कुठवर आलंय ते मारुतीवर बघून ये.” सकाळी मी पाहिले होते तेव्हा ते गुडघ्याच्या थोडे वर होते. मी निघाले, पण गल्लीच्या वळणावरच वाऱ्याने छत्री उलटी झाली, उताराच्या दगडांवरून गढूळ पाणी वाहत होते, खाली माणसांची गर्दी आणि तो नदीचा आवाज, जो नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. मी वळणावर थोडा वेळ उभी राहिले आणि तिथूनच परतले. “नाही वाढलं,” मी सांगितले. मला खरोखरच वाटत होते की वाढले नसेल. संध्याकाळी पाणी दुकानाच्या पायरीला लागले आणि बघता बघता आत आले. आजोबांनी आणि शेजाऱ्यांनी समया, पितळेची भांडी वर फेकल्यासारखी चढवली, पण खालच्या गोण्या भिजल्या. पाणी ओसरल्यावर पायरीवरून लाल पाण्याचा ओघळ गल्लीच्या मधोमध कितीतरी लांब उतरत गेला होता, आणि त्या ओल्या कुंकवाचा वास दुकानाच्या भिंतींना पुढच्या पाडव्यापर्यंत होता. मला कुणी रागावले नाही. आजी फरशी पुसत होती, तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मान वर न करता तिने एवढेच विचारले, “तू मारुती पाहिलास का?”

मी उत्तर दिले नाही.

आजीला ‘नाही’ हा शब्द सहजासहजी उच्चारवत नसे. डबा रिकामा असला तरी ‘आणायचं आहे’ म्हणायची. दारावर कुणी पीठ-मीठ मागायला आले तर आधी ‘बघते हं’ म्हणायची आणि खरोखरच आत जाऊन डबा उघडून बघायची, जरी सकाळीच तिने तो रिकामा केलेला असला तरी. लहानपणी मला हा सगळा अशुभाच्या भीतीचा भाग वाटत असे, आणि थोडा तो असेलही. आता वाटते की तिला ‘नाही’ या शब्दाचे वजन कळत होते. नाही म्हणायला तिथे जाऊन आलेले असावे लागते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी मशीनच्या संगणकावर, निकाल साठतात त्याच फोल्डरमध्ये, एक रिकामी फाइल तयार केली आणि तिचे नाव ठेवले ‘मारुती’. तिला कुणी हलवायचे नाही, पुसायचे नाही, असे सगळ्यांना सांगितले. आता स्क्रिप्ट दर फेरीला आधी मारुती शोधते. पायथॉनमध्ये त्या जागी बाहेरचे काही जोडले आहे का हे विचारण्याची सोय आहे, इजमाउंट, आणि तीही मी वापरते. पण जोडणी असूनही भलताच फोल्डर समोर असू शकतो, म्हणून मला तेवढ्यावर समाधान नव्हते. मारुती दिसला आणि नवे नाव दिसले नाही, तरच ती शून्य लिहिते. मारुती दिसला नाही, तर शून्य लिहायचा तिला अधिकार नाही. तिने ‘दिसत नाही’ असे लाल अक्षरांत लिहायचे, मागची यादी जशीच्या तशी जपून ठेवायची आणि मला फोनवर कळवायचे. पाहिलेल्या नावांची यादीही आता संगणकाच्या स्मरणात न ठेवता डिस्कवर लिहून ठेवते, म्हणजे वीज गेली तरी ती पुसली जात नाही. आहे आणि नाही या दोन उत्तरांच्या शेजारी हे तिसरे उत्तर ठेवायला मला सात ओळी लागल्या. पहिल्या दिवशी त्या का सुचल्या नाहीत, याचा विचार करते तेव्हा वळणावरची उलटी झालेली छत्री डोळ्यांसमोर येते.

आणखी एक गोष्ट केली. स्क्रिप्टच बंद पडली तर ‘दिसत नाही’ म्हणायलाही कुणी उरत नाही. आमच्या गल्लीत रात्री गुरखा गस्त घालायचा आणि दर तासाला विजेच्या खांबावर काठी आपटायचा. तो आवाज चोरांना कळावा म्हणून असतो असे मला वाटे. एका रात्री तो आवाज आला नाही, तेव्हा आजी उठून बसली आणि तिने आजोबांना हलवून जागे केले. गुरखा तापाने फणफणून देवळाच्या ओट्यावर पडला होता. आवाज येत होता तेव्हा तिची झोप कधी मोडली नव्हती. तेव्हापासून मला काठीचा अर्थ वेगळा लागतो. स्क्रिप्ट आता दर तासाला एक ओळ माझ्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवते, आणि ती आली नाही तर तो संगणक मला उठवतो. जानेवारीत, निफाडकडे थंडीने पारा खाली गेलेला असताना आणि बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या धरून बसलेले असताना, त्याने मला पहाटे साडेतीनला उठवले होते. रागही आला आणि बरेही वाटले. अंधारात फोनचा उजेड डोळ्यांवर घेत मी बसून राहिले, आणि त्या क्षणी तिकडे कुणीतरी थर्मामीटर पाहायला कंदील घेऊन वेलींमधून चालत असेल, असे मनात आले.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या आधी नाना मातीचा नमुना घेऊन आले होते, आणि चार दिवसांनी रिपोर्ट विचारायला पुन्हा आले. योगायोगाने मी तिथे होते. बाहेर ऊन रणरणत होते, लॅबमधला पंखा वरच्या वर फिरत होता, आणि त्या दिवशी सकाळपासून विजेचा खेळ चालला होता. “ताई, मातीचा रिपोर्ट आला का?” त्यांनी विचारले. मुलीने स्क्रीनकडे पाहिले. कोपऱ्यात लाल अक्षरे होती. ती क्षणभर थांबली, मग खुर्ची मागे सारून उठली. “नाना, इथून दिसत नाहीये. थांबा, आत जाऊन बघून येते.” आतल्या खोलीचे जड दार उघडल्याचा आवाज आला, तिच्या चपलांचा आवाज आत गेला, थांबला, थोड्या वेळाने परत आला. नानांनी चहा बशीत ओतला होता, पण ओठाला लावला नव्हता.

“नाही नाना,” ती म्हणाली, “तुमचा नमुना अजून मशीनवर लागलेलाच नाही. उद्या दुपारी लावतील.”

“बरं,” नाना म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.